दवाखाना बंद केल्यानंतरची तीस वर्षे

आपल्या मंडळाच्या मासिक अभ्याससभेत गेल्या वर्षी डॉक्टरांच्या निवृत्तीनंतरच्या अर्थव्यवस्थेवर मी चार शब्द बोललो होतो. सभा संपल्यावर चहाच्या वेळी जे प्रश्न विचारले गेले, ते माझ्या भाषणापेक्षा अधिक मोलाचे होते आणि त्यांची उत्तरे उभ्या उभ्या देण्यासारखी नव्हती. स्मरणिकेच्या संपादकांनी ती लिहून काढण्यास सांगितले, म्हणून हा लेखनप्रपंच. मी अर्थतज्ज्ञ नव्हे. बेळगावात, शहापूर भागात, चाळीस वर्षे दवाखाना चालवून निवृत्त झालेला एक सामान्य फॅमिली डॉक्टर आहे. तथापि स्वतःचा आणि काही स्नेह्यांचा हिशेब मांडताना या विषयाचा जो अभ्यास घडला, तो येथे सांगतो. थोडी आकडेमोड येईल. वाचकांनी ती पेन्सिल घेऊन स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा करून पाहावी, ही विनंती.

नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते. ती त्याला सेवापुस्तकावर पहिल्या दिवसापासून दिसत असते. खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला तारीख नसते, उतार असतो. आधी रात्रीच्या व्हिजिट बंद होतात, मग संध्याकाळची ओ.पी.डी. एका तासावर येते, जुने रुग्ण वारतात, त्यांची मुले पुण्या-बंगळूरला जातात, आणि एके दिवशी लक्षात येते की दवाखान्याचे भाडे, कंपौंडरचा पगार आणि विजेचे बिल वजा जाता हाती फारसे काही उरत नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सरकारी सेवेतील आपल्या बंधूंनाही आता पूर्वीसारखे निर्धास्त राहता येत नाही. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि कर्नाटक राज्याच्या सेवेत १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेल्यांना जुन्या पद्धतीच्या पेन्शनऐवजी अंशदानाची योजना लागू झाली. म्हणजे बहुतेकांनी आपली पेन्शन आपणच निर्माण करावयाची आहे.

चहाच्या वेळचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, पैसे कोठे ठेवावेत ते सांगा." माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, हे पैसे कोणत्या वर्षी खर्च व्हायचे आहेत? पुढच्या वर्षी लागणारा रुपया आणि विसाव्या वर्षी लागणारा रुपया हे दोन वेगळे रुग्ण आहेत. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला अपाय करते. आपल्या पिढीने सगळ्या रुपयांना एकच औषध दिले आणि त्याला "सुरक्षित" म्हटले. हा शब्द जरा तपासून घेऊ.

आयकर खाते भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी दरवर्षी महागाईचा एक निर्देशांक जाहीर करते. २००१-०२ या वर्षी तो १०० धरला, २०२४-२५ साली तो ३६३ झाला. शिवाय हा निर्देशांक शहरी ग्राहक किमतींतील वाढीच्या केवळ तीन-चतुर्थांश वाढीवर बेतलेला असतो, म्हणजे प्रत्यक्ष महागाई याहून अधिक. तेव्हा वर्षाला सहा टक्के महागाई धरणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ७२ या आकड्याला सहाने भागले की बारा येतात. बारा वर्षांत खर्च दुप्पट, चोवीस वर्षांत चौपट. आज घरखर्चाला महिना ६०,००० रुपये लागत असतील, तर तीस वर्षांनी त्याच राहणीमानाला सुमारे ३ लाख ४४ हजार लागतील. हा आकडा पाहून सभेत हशा पिकला होता. परंतु ज्यांनी पाच रुपये फीवर दवाखाना सुरू केला, त्यांनी तरी हसू नये.

तीस वर्षे कोठून आली, असेही एकाने विचारले. डॉक्टर ६२ व्या वर्षी थांबले आणि पत्नी ५८ वर्षांची आहे असे समजा. (डॉक्टर भगिनींनी हे वाक्य आपल्या परीने फिरवून घ्यावे.) योजना डॉक्टरांच्या वयाने आखावयाची नसून दोघांपैकी जे मागे राहण्याचा संभव अधिक, त्याच्या वयाने आखावयाची आहे. पत्नी ८८ वर्षांची होईपर्यंत पुंजी पुरली पाहिजे, म्हणून तीस वर्षे. आपण रोज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे रुग्ण तपासतो, आणि स्वतःचा हिशेब मात्र पंचाहत्तरीला थांबवतो, हे विचित्र आहे.

पुंजी किती हवी?

हिशेबाची एक सोपी रीत आहे. पुंजीवरचा परतावा, कर वजा जाता, महागाईइतकाच असेल, तर जितकी वर्षे तितक्या पटीने वार्षिक खर्च साठवावा लागतो. महिना ६०,००० म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. तीस वर्षांचे २ कोटी १६ लाख. परतावा महागाईपेक्षा दोन टक्के अधिक मिळाला तर साधारण १ कोटी ६४ लाखांत भागते. तो महागाईपेक्षा एक टक्का कमी पडला, तर अडीच कोटी लागतात. एका टक्क्याचे, दोन टक्क्यांचे हे अंतर पासबुकात दिसत नाही. ते जवळजवळ ८६ लाखांचे आहे.

मुदत ठेवीचा परतावा प्रत्यक्षात किती? सात टक्के व्याजाची ठेव घ्या. भरभराटीची प्रॅक्टिस असलेल्या आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्या डॉक्टरच्या हाती, उपकर धरून, त्यातील ४.८ टक्केच उरतात. म्हणजे सहा टक्के महागाईत तो दरवर्षी एक टक्क्याहून अधिक गमावतो आहे, आणि तरी त्याला वाटते की मुद्दल वाढत आहे. तीच ठेव निवृत्तीनंतर, उत्पन्न कमी झाल्यावर, जवळजवळ करमुक्त पडू शकते. म्हणून मुदत ठेव हे निवृत्त माणसाचे साधन आहे, कमावत्या माणसाचे नव्हे. आपल्याकडे नेमके उलटे पाहावयास मिळते. चाळिशीतील डॉक्टर ठेवींच्या पावत्या जमवतो, आणि साठीत पोहोचल्यावर मुलाच्या सांगण्यावरून शेअर बाजारात शिरतो.

"निश्चित" व्याजाचीही गोष्ट अशीच. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पी.पी.एफ., १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के देत होता. चौदा वर्षे हा दर हलला नाही, तेव्हा लोकांना तो निसर्गनियमच वाटू लागला. मग ११, साडेनऊ, ९ असा उतरत मार्च २००३ मध्ये तो ८ टक्क्यांवर आला, आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला. १९९९ मध्ये ज्याने वीस लाखांच्या १२ टक्क्यांवर, म्हणजे २ लाख ४० हजारांवर, संसाराचा हिशेब बसवला, त्याच्यासाठी तेच वीस लाख ८ टक्क्यांनी १ लाख ६० हजार देऊ लागले. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा गेला. याच सुमारास, २ जुलै २००१ रोजी, युनिट ट्रस्टने आपल्या यू.एस.-६४ या योजनेतील युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. १९६४ पासूनची ही योजना मध्यमवर्गाने बँकेसारखीच मानली होती. माझ्या पिढीतील कित्येक घरांत मुलीच्या लग्नाची रक्कम तेथे होती.

या साऱ्यावरून बाजारच बरा, असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल १९९२ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ४,४६७ वर गेला होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या खाली होता. अकरा वर्षे! लाभांश सोडला तर हाती तोटाच. "दीर्घकाळ थांबा" हा उपदेश ऐकणाऱ्याने हे अकरा वर्षांचे उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावे. पुढे जानेवारी २००८ मध्ये निर्देशांकाने २१,००० ओलांडले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो काही काळ ८,००० च्याही खाली गेला. २१,००० ची पातळी नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला ओझरता स्पर्श करता आला; तिच्यावर टिकून राहण्यासाठी २०१३ चे अखेरचे महिने उजाडावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये हाच निर्देशांक ८५,००० च्या पुढे होता, हेही तितकेच खरे.

आता जानेवारी २००८ मध्ये निवृत्त झालेला एक काल्पनिक डॉक्टर घेऊ. त्याची एक कोटीची सर्व पुंजी शेअरमध्ये आहे आणि वर्षाला तो सहा लाख काढतो. दहा महिन्यांत पुंजी ४० लाखांवर आली. सहा लाख, जे पूर्वी सहा टक्के होते, ते आता उरलेल्या पुंजीच्या १५ टक्के झाले. बाजार पुढे सावरला, पण जे युनिट त्याने तळाच्या भावात विकून खाल्ले, ते सावरायला शिल्लकच नव्हते. हाच बाजार, हीच घसरण, ४० वर्षांच्या डॉक्टरला मात्र लाभदायक ठरली, कारण तो दरमहा विकत घेत होता. घसरण दोघांनी एकच सोसली. फरक पडला तो पैसे कोणत्या वर्षी लागणार होते यामुळे.

वर्षांप्रमाणे वाटणी

म्हणून मी पुंजीचे तीन भाग करण्याची शिफारस करतो. पहिला भाग निवृत्तीनंतरच्या सहा-सात वर्षांच्या खर्चाचा. २००८ ते २०१३ हा काळ डोळ्यांसमोर ठेवून मी हा आकडा धरला आहे. यात बाजाराचा एक पैसाही नको. ज्येष्ठ नागरिक बचत योजना येथे फार उपयोगी पडते. ऑगस्ट २००४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्के ठरला. पैसे भरताना जो दर असेल तो पाच वर्षे बदलत नाही. या दराने तीस लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये मिळतात. पत्नीने साठी ओलांडली की तिचे स्वतंत्र खाते उघडता येते.

दुसरा भाग साधारण आठव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंतचा. मुदत संपलेले पी.पी.एफ. खाते बंद न करता पाच-पाच वर्षांनी वाढवत नेणे, रिझर्व्ह बँकेचे २०२० पासूनचे सात वर्षांचे बदलत्या दराचे रोखे (त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्के अधिक असतो आणि सहामाहीस ठरतो), अशी साधने येथे शोभतात.

तिसरा भाग पंधरा वर्षांनंतरचा, आणि तो शेअर बाजारात असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ७५ वर्षांची व्यक्ती ज्या रुपयावर जगणार आहे, त्याला वाढण्यासाठी पंधरा वर्षे मिळालेली असतात. ती वाया का घालवावीत? स्वतः कंपन्या निवडण्याचा सोस मात्र नसावा. निर्देशांकाचीच प्रतिकृती असलेला, अल्प खर्चाचा म्युच्युअल फंड पुरे. बाजार तेजीत असेल त्या वर्षी तिसऱ्या भागातून थोडे विकून पहिला भाग पुन्हा भरावा. मंदी असेल त्या वर्षी तिसऱ्याला हातही लावू नये. पहिल्या भागात सहा वर्षांचा शिधा असल्याने ही चैन परवडते, आणि झोप लागते.

विमा कंपनीकडून आजन्म निवृत्तिवेतन विकत घ्यावे का, याचे उत्तर मी थोडेसे "हो" असे देतो. किराणा, वीज, औषधे एवढा पाया त्यातून निघावा. रक्कम एकदा दिली की सहसा परत फिरवता येत नाही आणि बहुतेक प्रकारांत मासिक रक्कम वाढत नाही, म्हणून सारी पुंजी तेथे घालू नये. वय वाढेल तसा दर चांगला मिळतो, तेव्हा सत्तरीपर्यंत थांबणेही शहाणपणाचे. २००९ पासून सर्वांना खुल्या झालेल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत पुंजीचा काही हिस्सा असे वेतन घेण्यासाठी सक्तीने वापरावा लागतो. हे प्रमाण दीर्घकाळ ४० टक्के होते. बाहेर पडताना त्या वेळचा नियम पाहून घ्यावा.

आपल्या गावचे दोन प्रकार

बेळगावात राहून सोसायट्यांबद्दल न लिहिणे म्हणजे मलेरियाच्या गावात डासांबद्दल न बोलणे होईल. आपल्या सहकारी पतसंस्थांनी या भागातील छोट्या दुकानदाराला, विणकराला, शेतकऱ्याला उभे केले, याबद्दल मला आदरच आहे. परंतु डॉक्टर तेथे ठेव ठेवतो ती ताळेबंद पाहून नव्हे. चेअरमन आपला रुग्ण असतो, संचालकांपैकी कोणी वर्गमित्र असतो, पिग्मी एजंट रोज दारात येतो, आणि अर्धा टक्का जादा मिळतो. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकेतील ठेवींना आहे. पतसंस्था वा सौहार्द संस्थांतील ठेवींना ते नाही. बँकेतही, मग ती सहकारी असो वा राष्ट्रीयीकृत, प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच हमी आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ती एक लाखच होती. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी वाटल्याने संरक्षण चौपट होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्यात निवृत्त माणसे किती होती ते वेगळे सांगायला नको. अर्धा टक्का जादा व्याजासाठी केवढी जोखीम पत्करायची, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते सोसायटीत तेवढेच ठेवावे, जेवढे बुडाले तरी पहिल्या भागाला धक्का लागणार नाही.

दुसरा प्रकार प्लॉटचा. खानापूर रोडकडे, वेंगुर्ला रोडकडे प्लॉट नाही असा डॉक्टर विरळा. जमिनीच्या किमती वाढल्या हे खरे, पण प्लॉटचा कोपरा तोडून औषधांचे बिल भागवता येत नाही. नर्सिंग होमच्या इमारतीचेही तेच. ज्याचा मुलगा किंवा सून त्याच शाखेत आहे त्याची गोष्ट वेगळी. इतरांची ऑपरेशन थिएटर असलेली दुमजली इमारत विकत घेणारा माणूस शोधायला वर्षे लागतात. अशी मालमत्ता असल्यास ती हातपाय चालत असताना, साठीच्या आतबाहेर, विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा निर्णय करावा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीच्या नफ्यावर १२.५ टक्के सरळ कर, अथवा महागाईची सवलत घेऊन २० टक्के, यांपैकी कमी पडेल तो पर्याय निवासी व्यक्तीला घेता येतो. सनदी लेखापालाकडून दोन्ही हिशेब करून घ्यावेत.

तरुण डॉक्टरांसाठी थोडेच लिहितो, कारण त्यांच्या बाजूला काळ आहे. पूर्वी मार्च महिना आला की कर वाचवण्यासाठी का होईना, पी.पी.एफ.मध्ये पैसे पडत. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे तो वार्षिक टोचाही गेला. टोचा गेला तरी गरज गेलेली नाही. वर्षाला दीड लाख, पंधरा वर्षे, ७.१ टक्क्यांनी सुमारे ४० लाख ६८ हजार होतात आणि त्यावरील व्याज करमुक्त आहे. पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरावेत, अन्यथा त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. म्युच्युअल फंडात दरमहा दहा हजार पंचवीस वर्षे घातले आणि खर्च वजा जाता दहा टक्के मिळाले असे धरले, तर १ कोटी ३२ लाख होतात. अकरा टक्के मिळाले तर १ कोटी ५७ लाख. हा एक टक्का अनेकदा मध्यस्थाच्या दलालीत जातो. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा बिनदलालीचा, म्हणजे डायरेक्ट, प्रकार उपलब्ध आहे. विमा आणि बचत एकत्र करणाऱ्या पॉलिसी मात्र स्नेहापोटीही घेऊ नयेत. शुद्ध मुदत विमा आणि चांगला आरोग्य विमा पुरेसा. आरोग्य विमा पन्नाशीच्या आत घ्यावा. आपण डॉक्टर आहोत म्हणून उपचार फुकट होतील हा समज कॉर्पोरेट रुग्णालयाच्या पहिल्याच बिलात दूर होतो.

अखेरीस कागदपत्रांविषयी. काही वर्षांपूर्वी माझे एक समव्यवसायी स्नेही अचानक गेले. त्यांच्या पत्नीने मला व आणखी एकाला बोलावले. दवाखान्याच्या खणांतून, प्रिस्क्रिप्शन पॅडच्या मधून, औषध कंपन्यांच्या डायऱ्यांतून आम्ही पावत्या शोधत होतो. काही ठेवींवर नामनिर्देशन त्यांच्या आईचे होते, जी वारून पंधरा वर्षे झाली होती. पुंजी पुरेशी होती, पण पहिले आठ महिने त्या माऊलीने भावाकडून उसने घेऊन घर चालवले. एवढ्यासाठी मंडळाच्या प्रत्येक सभासदाने एक वही करावी. तीत बँक खाती, पी.पी.एफ., फंडांचे फोलिओ, विमा, लॉकर, घेतलेले व दिलेले कर्ज यांची नोंद असावी, आणि ती वही कोठे आहे हे घरातील दोन माणसांना ठाऊक असावे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक होतेच असे नाही. म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र वेगळे करावे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. दहा वर्षे न हाताळलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून "उद्गम" नावाचे संकेतस्थळ आहे. आपल्या दिवंगत वडिलांचे नाव तेथे एकदा घालून पाहण्यास पाच मिनिटे लागतात.